मदतनिधी, नगरपरिषद आणि आपल्या सार्वजनिक इमारती

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातील माणूस विसरू शकत नाही. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. माणसे थकून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात धरणी हादरली आणि दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाने जेवढी माणसे मारली त्याहून जास्त भिंतींनी मारली, असे जाणकार म्हणतात, ते खोटे नाही. उघड्या रानात झोपलेला माणूस त्या पहाटे सहसा वाचला.

या घटनेला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये याच जिल्ह्यातील भूम, परंडा भागाने भूकंपाऐवजी महापूर पाहिला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. आपत्ती आली की मदत येते, हे आपण पाहतोच. परंतु त्या मदतीतून सार्वजनिक इमारतींसाठी पैसा कसा येतो, नगरपरिषद तो कसा वाटते आणि त्यात आपण नागरिक कुठे असतो, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. सभासद बंधुभगिनींना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना ती व्हावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१. सार्वजनिक इमारत म्हणजे काय?

शाळा, अंगणवाडी, दवाखाना, समाजमंदिर, वाचनालय, बाजाराची शेड, नगरपरिषदेचे कार्यालय या सर्व सार्वजनिक इमारती होत. जनतेच्या पैशाने बांधलेली वा राखलेली ती सार्वजनिक, ही व्याख्या आपल्या परिचयाची आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी जो ठराव मांडला, तो याच पायावर उभा होता. सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते.

खुले असणे हा हक्काचा पहिला भाग झाला. त्या इमारतीत शिरलेला माणूस सुखरूप बाहेर यावा, हा दुसरा भाग. श्रीमंताला गळकी शाळा आवडली नाही तर तो मुलाला दुसऱ्या शाळेत घालतो. मोलमजुरी करणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून सार्वजनिक इमारतीची मजबुती हा गरिबाच्या दृष्टीने थेट जिवाचा प्रश्न आहे.

२. पैसा कोणत्या वाटेने येतो?

‘मदतनिधी’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शासनाच्या दफ्तरी मात्र त्याचे निरनिराळे कप्पे आहेत आणि एका कप्प्यातील पैसा सहजासहजी दुसऱ्या कामावर खर्च करता येत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला. त्यानुसार राज्यात दोन निधींची तरतूद आहे. एक, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. दोन, राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी एकूण रकमेची वाटणी अशी केली होती : ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी. प्रतिसादाच्या ८० मध्ये पुन्हा ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीला आणि १० टक्के पूर्वतयारीला.

विद्यार्थ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा. वादळाने शाळेचे पत्रे उडाले, ते पुन्हा बसवणे ही तातडीची दुरुस्ती झाली. तिच्यासाठी प्रत्येक इमारतीमागे ठराविक मर्यादेत पैसा मिळतो आणि इमारत पूर्वी होती तशी करून देणे, एवढाच त्याचा हेतू असतो. पुढच्या वादळात ते पत्रे उडू नयेत म्हणून कैच्या व नांगर मजबूत करणे, हे सौम्यीकरण झाले. पहिले काम जखमेवर पट्टी बांधण्याचे, दुसरे जखम होऊ नये म्हणून काळजी घेण्याचे. दोन्ही आवश्यक आहेत, पण दोन्हींचे पैसे एका पेटीतून येत नाहीत.

त्यामुळे जी नगरपरिषद केवळ ‘मदत आली की बघू’ म्हणून बसते, तिच्या वाट्याला बहुधा पट्टीचाच पैसा येतो. जी नगरपरिषद आपल्या इमारतींची यादी, तपासणीचे अहवाल आणि अंदाजपत्रके आधीच तयार ठेवते, ती आपत्तीच्या मदतीला जिल्हा नियोजन समितीचा निधी, नगरोत्थान महाअभियान, नगरपरिषदांसाठीची वैशिष्ट्यपूर्ण योजना, वस्ती सुधारणेचा निधी, आमदार स्थानिक विकास निधी यांची जोड देऊ शकते. भूमसारख्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न मोठे नसते. तिच्यासाठी ही जुळवाजुळव म्हणजेच खरे कारभारकौशल्य होय.

३. किल्लारीने शिकवलेला धडा

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेण्यात आला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. ही नवी गावे सर्वांनी पाहिली, त्यांची चर्चाही पुष्कळ झाली. पण त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग तितकाच मोलाचा होता आणि त्याकडे कमी लक्ष गेले. तो म्हणजे १३ जिल्ह्यांत जागच्या जागी केलेली दुरुस्ती आणि मजबुतीकरण. घरांबरोबर शाळा आणि इतर सार्वजनिक इमारतींची कामेही या कार्यक्रमात होती.

आपल्याकडची जुनी भिंत कशी असते, ते आठवा. बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक थर आणि मधल्या पोकळीत माती व गोट्यांची भर. जाडी अडीच-तीन फूट. जाडी पाहून माणसाला वाटते, ही भिंत तोफेलाही दाद देणार नाही. पण दोन थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड त्यात नसतो. हादरा बसला की भिंत उभी चिरते, बाहेरचा थर बाहेर आणि आतला थर आत पडतो. त्यावर माळवदाचे मातीचे ओझे. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकली जाते, म्हणजे ओझे दर वर्षी वाढतच जाते.

यावरचे उपाय अवघड नव्हते. माळवदावरची जास्तीची माती उतरवणे. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत आकडा केलेली लोखंडी सळी घालून काँक्रीट भरणे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. कोपऱ्यांना जाळी लावून गिलावा करणे. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार देणे. नव्या बांधकामात दारे-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून सलग जाणारा काँक्रीटचा पट्टा टाकणे. भूकंपरोधक बांधकामाची सुधारित भारतीय मानके योगायोगाने त्याच १९९३ या वर्षी प्रसिद्ध झाली, त्यात हे सर्व सांगितले आहे. इमारत पाडून नवी बांधण्यापेक्षा या कामांना पुष्कळ कमी खर्च येतो.

त्या कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट केली. शेकडो गावांत स्थानिक स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. त्यांनी घरोघर जाऊन सरकारी योजना लोकांना समजावली, लोकांच्या अडचणी सरकारला कळवल्या आणि गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवले. ज्या बायका कधी चावडीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारू लागल्या. पैसा, तंत्र आणि लोकांची नजर या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच मजबुतीकरण होते, हा त्याचा अर्थ.

येथे एक कटू गोष्टही नमूद करणे अगत्याचे आहे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच किल्लारीला धक्के जाणवले होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते. नंतर धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरात गेले. भूकंपाच्या नकाशातही हा भाग त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये मानके बदलली, तेव्हा किल्लारीच्या परिसराला वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात घालण्यात आले. नकाशा बदलला, पण त्याआधी बांधलेल्या शाळेची भिंत आपोआप बदलत नाही. ती बदलण्यासाठी कुणीतरी ठराव मांडावा लागतो.

४. सभागृहात काय घडते?

नगरपरिषदेचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाआधी अवघे चार महिने, नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा त्यानेच राखून दिल्या. म्हणजे निधीचा निर्णय जिथे होतो त्या टेबलाशी आपली माणसे आज बसू शकतात. तिथे बसून ती काय विचारतात, हा पुढचा प्रश्न.

निधीचे काम साधारणपणे असे पुढे सरकते. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. सूचक ठराव मांडतो, अनुमोदक अनुमोदन देतो, चर्चा होते, ठराव इतिवृत्तात नोंदला जातो. अभियंता अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळाली की निविदा निघते. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र शासनाकडे जाते.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी पाहावी लागते, ती म्हणजे मालकी. लहान शहरात शाळेची इमारत पुष्कळदा जिल्हा परिषदेची असते, रुग्णालय राज्य शासनाचे असते आणि समाजमंदिर नगरपरिषदेचे. दुसऱ्याच्या मालमत्तेवर नगरपरिषदेला मनमानी खर्च करता येत नाही. पण संबंधित खात्याकडे ठराव पाठवून पाठपुरावा करता येतो. ‘ती आमची इमारत नाही’ असे म्हणून हात झटकणे शोभत नाही, कारण तिच्यात बसणारी मुले आपल्याच गावची असतात. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४१ ने, आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्ती टाळण्यासाठी ठरवलेल्या मानकांप्रमाणे होतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवरच टाकली आहे.

५. समान वाटप की योग्य निवड?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निधी आला की सभागृहात सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक प्रभागाला सारखी रक्कम देणे. नगरसेवकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याला आपल्या मतदारांना काहीतरी दाखवायचे असते. शेजारच्या प्रभागात काम झाले आणि आपल्याकडे झाले नाही, तर लोक त्यालाच जाब विचारतात. वरकरणी हे वाटप समतेचेच वाटते.

पण एक उदाहरण घेऊन पाहू. हे उदाहरण काल्पनिक आहे. समजा, एका नगरपरिषदेकडे ४० लाख रुपये आहेत आणि आठ प्रभाग आहेत. प्रत्येकाला पाच लाख मिळाले. पाच लाखांत एका ठिकाणी कमान झाली, दुसऱ्या ठिकाणी फरशी बसली, तिसऱ्या ठिकाणी रंग दिला, चौथ्या ठिकाणी संरक्षक भिंतीचा अर्धा तुकडा उभा राहिला. वर्षाअखेर ४० लाख संपले, आठ कोनशिला लागल्या आणि गावातील एकही धोकादायक इमारत सुरक्षित झाली नाही.

आता दुसरा मार्ग. आधी सर्व इमारतींची तपासणी केली. मागण्या अशा आल्या : शाळेच्या पाच जुन्या खोल्यांचे मजबुतीकरण १६ लाख, दवाखान्याचे छत व विजेची वायरिंग ९ लाख, समाजमंदिराची दुरुस्ती ७ लाख, कार्यालयाच्या दर्शनी भागाचे सुशोभीकरण १४ लाख, बाजाराची कमान ६ लाख. एकूण ५२ लाख. सर्व कामे होणार नाहीत, हे उघड आहे. मग प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारायचे.

पहिला, या इमारतीत किती माणसे, किती वेळ असतात आणि ती स्वतः पळू शकतात का? लहान मुले, रुग्ण, बाळंतिणी, वृद्ध यांना प्राधान्य. दुसरा, ही इमारत बंद पडली तर लोकांना दुसरा पर्याय आहे का? तिसरा, संकटाच्या रात्री लोक आसऱ्याला कुठे जाणार? पूर आला की सखल वस्तीतील माणसे शाळेत आणि समाजमंदिरातच येतात, म्हणून त्या इमारती इतरांपेक्षा आधी भक्कम हव्यात. चौथा, थोड्या पैशात किती मोठा धोका टळतो?

या प्रश्नांपुढे शाळा, दवाखाना आणि समाजमंदिर टिकतात. त्यांचे ३२ लाख होतात. उरलेल्या आठ लाखांत कार्यालयाची वायरिंग दुरुस्त करून जुने अभिलेख तळमजल्यावरून वर हलवता येतील. पुरात जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि मालमत्तेची कागदपत्रे भिजली, तर त्यानंतर गरीब माणूसच दाखल्यासाठी खेटे घालतो. कमान पुढच्या वर्षी होईल. कमानीविना कुणी मेल्याचे ऐकिवात नाही.

सर्वांना सारखे देणे आणि ज्याची गरज मोठी त्याला आधी देणे, यांत फरक आहे. आजारी मुलाला आणि धडधाकट मुलाला आई सारखेच औषध पाजत नाही.

दवाखान्याचे महत्त्व कुणाला पटत नसेल तर दोन घटना आठवाव्यात. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपात भुजचे मुख्य रुग्णालयच कोसळले. जखमींना जिथे न्यायचे, ती जागाच उरली नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागून दहा बालके दगावली. तिथे भूकंपही नव्हता आणि पूरही नव्हता. इमारतीची सुधारणा म्हणजे केवळ भिंती नव्हेत. वायरिंग, अग्निशामक साधने, बाहेर पडण्याचे दुसरे दार, हे सर्व तिच्यात येते.

६. आपण काय करू शकतो?

सभा, विषयपत्रिका, मान्यता हे सर्व आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे समजू नये. नगरपरिषदेच्या सभेचे इतिवृत्त हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. कोणत्या इमारतीवर कोणत्या निधीतून किती खर्च झाला, अंदाजपत्रकात काय होते आणि मोजमाप पुस्तिकेत काय नोंदले गेले, हे दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक सोपे काम आहे. आपल्या वस्तीतील शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांची एक वही करा. बांधकामाचे वर्ष, छत कशाचे, गळते कुठे, तडे कुठे, दारे आत उघडतात की बाहेर, विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर, पुराचे पाणी शेवटचे कुठवर आले होते, हे लिहून ठेवा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला. तड्यावर काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवली आणि काही महिन्यांनी ती फुटली, तर तडा हलतो आहे असे समजावे आणि अभियंत्याला बोलवावे. अशी वही घेऊन शिष्टमंडळ मुख्याधिकाऱ्यांना भेटले, तर त्याच्या बोलण्याला वजन येते. ‘आमच्याकडे लक्ष द्या’ असे म्हणणे वेगळे आणि ‘पूर्वेच्या भिंतीचा तडा जूनपासून चार बोटे वाढला आहे’ असे सांगणे वेगळे.

काम सुरू झाल्यावरही ही वही बंद करू नये. मजबुतीकरणाचे काम गिलाव्याखाली झाकले जाते. सळी घातली की नाही, पट्टा सलग टाकला की मध्येच तोडला, हे रंग लागल्यावर कुणाला दिसणार? म्हणून गिलाव्याच्या आधी पाहणी झाली पाहिजे आणि त्या वेळी वस्तीतील दोन माणसे तिथे हजर असली पाहिजेत. किल्लारीच्या परिसरात बायांनी हे केले, मग आपण का करू नये?

७. ठरावानंतर

बोले ठरावानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. नगरपालिकेचा ठराव ही लहान गोष्ट नाही आणि तो झाला म्हणजे सर्व झाले असेही नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

मदतनिधीचेही तसेच आहे. पुढची आपत्ती कोणती असेल, पाण्याची की भुईची की आगीची, हे कुणीच सांगू शकत नाही. किल्लारीचा भूकंप पहाटे झाला, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. तो सकाळी अकरा वाजता झाला असता तर, हा विचार मनात आला की अंगावर काटा येतो. पुढच्या वेळी घड्याळ आपल्या बाजूने असेलच, असे नाही.

तेव्हा आपल्या नगरपरिषदेची पुढची सभा केव्हा आहे, एवढी चौकशी प्रत्येक सभासदाने करावी. विषयपत्रिकेवर इमारतींचा विषय असेल तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्याआधी भेटावे आणि कमान कुठे होणार, हे विचारण्याआधी शाळेच्या भिंतीत सळी कधी पडणार, ते विचारावे.